राउटरची वही आणि राउटरची हाक

१९८६च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत निघाली. त्या काळी संगणकाचा वेळ मोजून तो ज्याच्या-त्याच्या खात्यावर टाकत. मोजणारे प्रोग्राम दोन होते आणि त्या खेपेला दोघांचा मेळ बसेना. हे कोडं क्लिफर्ड स्टोल यांच्याकडे आलं. ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ. दुर्बिणीच्या कामाचा निधी आटला म्हणून संगणक विभागात बदलून आलेले, खात्यात अगदी नवखे. तपास करता करता त्यांना दिसलं, की यंत्रात एक असं खातं आहे ज्याचं बिल कुणाकडेच जात नाही. म्हणजे बाहेरचा कुणीतरी आत येऊन बसला होता.

स्टोल यांनी पुढे जे केलं ते आजही शिकण्यासारखं आहे. त्यांनी घुसखोराला हाकललं नाही. शनिवार-रविवारी सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर आणि टर्मिनल उचलून आणले आणि बाहेरून फोनवरून येणाऱ्या जोडण्यांवर लावून ठेवले. घुसखोर जे टाइप करेल ते कागदावर उमटू लागलं. ही नोंद संगणकात कुठे नव्हतीच, त्यामुळे त्याला ती दिसतही नव्हती आणि पुसताही येत नव्हती. मग स्टोल यांनी दुसरी सोय केली. तो आत आला रे आला, की त्यांच्या कमरेचा पेजर वाजे. इतर शेकडो वापरकर्ते दिवसभर येत-जात, त्यांच्यासाठी पेजर वाजत नसे. शेवटी माग पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत गेला. मार्कुस हेस नावाचा तरुण आणि त्याचे साथीदार अमेरिकी लष्कराच्या संगणकांतली माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकत होते.

घरच्या राउटरचा लॉग आणि ईमेल अलर्ट लावायचा तर याच दोन गोष्टी साधायच्या असतात. वही भरपूर लिहिली जावी आणि ती राउटरच्या बाहेर राहावी. हाक मात्र क्वचित यावी. बहुतेक घरांत नेमकं उलटं असतं. वही राउटरच्या पोटात पडून असते आणि तिथेच मरते. उत्साहाने अलर्ट लावलेच, तर पहिल्या आठवड्यात इतके येतात की माणूस ते वाचायचंच सोडून देतो.

वही म्हणजे काय ते आधी पाहू. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकायचा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, नाहीतर डब्याच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. लॉगिन केलं, की ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ किंवा ‘सिस्टिम टूल्स’च्या आसपास ‘लॉग’ नावाचं पान सापडतं. सोसायटीच्या गेटवर वॉचमन जशी वही ठेवतो तसंच हे आहे. कोण आलं, किती वाजता, कुणाला परत पाठवलं. घरात बसून कोण काय बोललं ते त्या वहीत नसतं. राउटरचंही तसंच. अमुक फोनला अमुक पत्ता दिला, वायफायचा पासवर्ड चुकवून कुणी अडलं, इंटरनेट तुटलं, पुन्हा जुळलं, सेटिंगच्या पानावर अमुक यंत्रावरून कुणीतरी लॉगिन केलं, अशा त्या नोंदी.

नेटगिअरच्या राउटरचं उदाहरण घेऊ, कारण त्यात ही सगळी सोय एकाच घरात नांदते आणि इतर कंपन्यांची पानं थोड्याफार फरकाने तशीच असतात. लॉगच्या पानावर चौकटींची रांग असते आणि काय लिहायचं ते टिक करून सांगायचं असतं. परवानगी असलेल्या साइटना दिलेल्या भेटी, अडवलेल्या साइटकडे जाण्याचे प्रयत्न, राउटरच्या सेटिंग-पानावरचे प्रवेश, राउटरचं स्वतःचं कामकाज, ओळखीचे हल्ले आणि पोर्ट स्कॅन, वायफायचे प्रवेश. माझं मत विचाराल तर पहिली चौकट रिकामी ठेवा. अनेक मॉडेलांत वहीत जेमतेम २५६ नोंदी मावतात आणि नवी आली की सर्वांत जुनी जाते. आजच्या घरात चार फोन, एक टीव्ही आणि एक लॅपटॉप असला, तरी साइटभेटींच्या नोंदींनी ही वही बघता बघता भरते, आणि पहाटे तीनला झालेलं लॉगिन सकाळी उठेपर्यंत पानाबाहेर ढकललं जातं. जास्त लिहायला लावल्याने कमी कळतं, ते असं.

ही वही साध्या मेमरीत असते हेही लक्षात असू द्या. वीज गेली किंवा कुणी डबा बंद-चालू केला, की वही कोरी. आणि राउटरचा पासवर्ड ज्याच्या हाती लागला त्याच्यासाठी त्याच पानावर ‘क्लिअर लॉग’चं बटण तयारच असतं.

पहिल्यांदा लॉग उघडणाऱ्याला हमखास धडकी भरते. ओळीमागून ओळ ‘डॉस अटॅक’, ‘एसवायएन-एसीके स्कॅन’, समोर परक्या देशातले पत्ते. कुणीतरी आपल्याच घरामागे लागलंय असं वाटतं. यातल्या पुष्कळ ओळी निव्वळ गैरसमजाच्या असतात. तुम्ही एखादं पान उघडून बंद केलंत, राउटरने ती जोडणी आपल्या यादीतून काढून टाकली, आणि त्यानंतर त्या कंपनीच्या सर्व्हरचं उत्तर रेंगाळत आलं, तर राउटरला ते बिनबोलावलेलं वाटतं. म्हणून अशा ‘हल्लेखोरां’चे पत्ते शोधले, की कित्येकदा मोठ्या नामांकित कंपन्यांचेच निघतात. उरलेल्या ओळी खऱ्या टकटकीच्या असतात, पण तीही तुमच्या नावाने नसते. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन दाखवलं. पुरेशी वेगवान जोडणी असलेलं एकच यंत्र जगातले सगळे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपी-चार पत्ते पाऊण तासाच्या आत तपासू शकतं, हे त्याने सिद्ध झालं. तेव्हापासून संशोधक, सुरक्षा कंपन्या आणि चोर हे सगळेच अख्ख्या इंटरनेटची दारं वाजवत फिरतात. दार वाजलं आणि फायरवॉलने उघडलं नाही, एवढाच त्या ओळीचा अर्थ.

दार उघडं असेल तर काय होतं ते २०१६ मध्ये दिसलं. मिराई नावाचा प्रोग्राम कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर यांच्यावर कारखान्यातून आलेली साठेक नाव-पासवर्डांची जोडपी लावून बघत असे. ‘ॲडमिन-ॲडमिन’ छापाची. जे उघडलं ते यंत्र त्याच्या फौजेत. २१ ऑक्टोबर २०१६ला या फौजेने साइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन्‌तास डळमळल्या. जुलै २०१७ मध्ये ब्रिकरबॉट नावाच्या प्रोग्रामने आपल्याकडच्या बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम निकामी केले. तिथेही मूळ तेच, न बदललेला पासवर्ड. तेव्हा लॉग-अलर्टच्या वाटेला जाण्याआधी राउटरचा पासवर्ड बदला आणि बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय, म्हणजे ‘रिमोट मॅनेजमेंट’, बंद करा. ते न करता अलर्ट लावणं म्हणजे चोरीची बातमी वेळेवर मिळण्याची सोय.

काही घरांत याच्या उलट अनुभव येतो. लॉग अगदी शांत. भारतातल्या अनेक फायबर आणि मोबाइल जोडण्यांवर ग्राहकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतच नाही. कंपनी अनेक घरं एका पत्त्यामागे ठेवते. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही अशा आडोशामागे आहात. बाहेरची टकटक तुमच्यापर्यंत पोचत नाही, निदान जुन्या पत्त्यांवरून तरी नाही. अशा घरात बाहेरच्या हल्ल्यांचा अलर्ट लावण्यात अर्थ नाही. आतल्या गोष्टींवर लक्ष ठेवा.

आता घड्याळ. ही बाब किरकोळ वाटते, पण वहीची अर्धी किंमत तिच्यातच आहे. राउटरमध्ये बहुधा बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज येते तेव्हा अनेक राउटर समजतात की आज १ जानेवारी १९७० आहे, कारण युनिक्स पद्धतीची कालगणना तिथूनच सुरू होते. लॉगमध्ये ‘१९७०, पहाटे ५:३०’ अशी चमत्कारिक नोंद दिसली तर घाबरू नका. शून्यावरच्या घड्याळात आपले साडेपाच तास मिळवलेले आहेत, इतकंच. इंटरनेट जुळलं की राउटर एनटीपी सर्व्हरला वेळ विचारतो आणि मग खरी तारीख पडते. टाइम झोनमध्ये भारताची वेळ निवडलेली आहे ना, ते बघा. नाहीतर रात्री साडेआठला मुलीने केलेलं लॉगिन वहीत दुपारी तीनला दिसेल आणि तेव्हा तर ती शाळेत होती, म्हणून घरात नसता गोंधळ माजेल. २८ एप्रिल २०२२ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने कंपन्या, सेवादाते आणि सरकारी कार्यालयांसाठी निर्देश काढले, तेव्हा लॉग १८० दिवस जपण्याच्या जोडीला घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवण्याची अटही घातली. घराला ते निर्देश लागू नाहीत. पण दोन वह्यांतल्या वेळा जुळत नसतील तर पुरावा म्हणून दोन्ही लंगड्या, हे घरालाही लागू आहेच.

ईमेलच्या पानावर बहुतेक लोक अडकतात ते एकाच ठिकाणी. राउटर स्वतः मेल पोचवत नाही, तो तुमच्या मेल कंपनीच्या सर्व्हरकडे पत्र टाकायला जातो. म्हणून त्याला चार गोष्टी लागतात. सर्व्हरचं नाव, पोर्ट, खात्याचं नाव, पासवर्ड. जीमेलसाठी सर्व्हर ‘एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम’, पोर्ट ५८७ किंवा ४६५. जुन्या पुस्तिकांत २५ दिलेलं असतं. ते सर्व्हरांनी आपसांत बोलायचं पोर्ट आहे आणि स्पॅमच्या भीतीने घरगुती जोडण्यांवर ते पुष्कळदा बंद असतं. पासवर्ड मात्र तुमचा नेहमीचा चालत नाही. ३० मे २०२२पासून गुगलने नुसत्या नाव-पासवर्डावर आत घेणं थांबवलं. आधी खात्यावर दुहेरी पडताळणी सुरू करायची, मग गुगलकडून १६ अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ घ्यायचा आणि तो राउटरच्या रकान्यात टाकायचा. ‘पूर्वी चालत होतं, आता मेल येतच नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. राउटर फार जुना असेल आणि त्याला कूटबद्ध जोडणी, म्हणजे टीएलएस, येतच नसेल, तर जीमेल त्याला दारात उभं करणार नाही. राउटरचा आतला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, अपडेट करून बघावा, नाहीतर त्या राउटरपुरता मेलचा नाद सोडावा.

इथे माझा एक आग्रह आहे. यासाठी तुमचं रोजचं मेल खातं वापरू नका. राउटरच्या नावाचं वेगळं फुकट खातं काढा आणि त्यावरून तुमच्या खऱ्या पत्त्यावर मेल येऊ द्या. राउटर हा पासवर्ड स्वतःच्या पोटात साठवून ठेवतो. उद्या कुणी राउटरमध्ये शिरलं, सेटिंगची फाइल उतरवून घेतली किंवा तुम्हीच जुना डबा भंगारवाल्याला दिलात, तर बँकेचे ओटीपी ज्या खात्यावर येतात ते खातं तरी त्या डब्यात नको.

मग प्रश्न येतो, मेल कधी यावी? वही भरली की, दर तासाला, रोज की आठवड्याला, असे पर्याय असतात. मी ‘रोज’ निवडेन आणि वेळ सकाळची ठेवेन. ही रोजची मेल वाचायची नसते. ती तुमच्या मेलबॉक्समध्ये साठत जाते आणि तीच तुमची राउटरबाहेरची वही. स्टोल यांच्या प्रिंटरचं काम तिने करायचं. घुसखोराने राउटरमधला लॉग पुसला तरी कालची प्रत त्याच्या हाताबाहेर असते. दुसरा फायदा जरा आडवाटेचा आहे. इंटरनेट बंद पडलं हे सांगणारी मेल इंटरनेट बंद असताना येऊच शकत नाही. पण रोज सात वाजता येणारी मेल आज आली नाही, हे गावाला गेलेल्या माणसालाही कळतं. पुण्यातल्या बंद फ्लॅटचा कॅमेरा सिंगापुरातून बघणाऱ्या मुलाला तर त्या न आलेल्या मेलचाच उपयोग जास्त.

ज्यांना नोंदी जागच्या जागी, सेकंदासेकंदाला बाहेर हव्यात त्यांच्यासाठी सिसलॉग आहे. १९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या मेल-प्रोग्रामसाठी तो लिहिला, तोही बर्कलीतच, स्टोल यांच्या शेजारच्या विद्यापीठात. आज तो नेटवर्क यंत्रांची सर्वमान्य पद्धत आहे. घरात ‘नास’ म्हणजे नेटवर्कवरचा साठवणीचा डबा किंवा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक सतत चालू असेल तर राउटरच्या ‘रिमोट लॉग सर्व्हर’च्या रकान्यात त्याचा पत्ता टाकायचा, पोर्ट ५१४. प्रत्येक नोंदीला ० ते ७ अशी पायरी असते. ० म्हणजे यंत्र कोसळलं, ४ म्हणजे इशारा, ६ म्हणजे साधी माहिती, ७ म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांसाठीचा तपशील. घरी ६पर्यंतचं सगळं लिहू द्या, ७ सोडा.

हाक मारण्याचा भाग उरला, आणि तो सगळ्यात अवघड आहे. २०१३च्या अखेरीस टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. त्यांच्या सुरक्षा यंत्रणेने इशारे दिले होते. ते आले आणि इतर इशाऱ्यांच्या ढिगात कुणी हात न लावता पडून राहिले. पगारी माणसं बसवलेल्या कंपनीचं असं होतं, तर नोकरी सांभाळून घरचा राउटर बघणाऱ्याचं काय होणार?

म्हणून हाक ठेवायची ती दोन-तीन गोष्टींसाठीच. राउटरच्या सेटिंग-पानावर झालेलं किंवा फसलेलं लॉगिन ही पहिली. घरात हे पान महिनोन्‌महिने कुणी उघडत नाही, त्यामुळे तुम्ही बसलेले नसताना आलेली ही नोंद म्हणजे एकतर घरातल्याच कुणाची खटपट, नाहीतर खरी भानगड. दुसरी, डीएनएस सर्व्हर बदलल्याची. कोणत्या नावाला कोणता पत्ता, हे ठरवणारा सर्व्हर बदलला, की बँकेचं नाव टाकूनही माणूस भलत्याच साइटवर जाऊ शकतो. डीएनएसचेंजर नावाच्या टोळीने हाच उद्योग जगभर केला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने ती पकडली तेव्हा सुमारे ४० लाख संगणक बाधित होते. काही राउटर या बदलाची नोंद करतात, काही करत नाहीत. करत नसेल तर ते पान महिन्यातून एकदा डोळ्याखालून घाला.

तिसरी, नवं यंत्र जोडलं गेल्याची. ही कल्पना चांगली आहे, पण फोन कंपन्यांनी तिचा जरा विचका केला. प्रत्येक यंत्राला मॅक नावाचा कायमचा पत्ता असे आणि राउटर त्यावरून ओळखत असे. २०१९च्या अँड्रॉइड १०पासून आणि २०२०च्या आयओएस १४पासून फोन प्रत्येक वायफायला स्वतःचा बनावट मॅक सांगतात, म्हणजे बाजारपेठेतून फिरताना कुणी माग काढू नये. हेतू उत्तम. पण फोन वायफाय विसरून पुन्हा जोडला, की तोच फोन राउटरला पाहुणा वाटू शकतो. ओळखायची खूण आहे. मॅक पत्त्यातलं दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा असा बनावट पत्ता. घरच्या वायफायपुरतं फोनमधलं हे बनावटीकरण बंद केलं तर हाक पुन्हा कामाची होते. पाहुण्यांसाठी वेगळं ‘गेस्ट’ वायफाय ठेवलं तर आणखीच.

नेटगिअरच्या ईमेल-पानावर ताबडतोब हाक मारण्याची एक चौकट असते. अडवलेल्या साइटवर कुणी गेलं की लगेच कळवा. म्हणजे परदेशातून कुणी राउटर उघडला तर सकाळपर्यंत थांबा, पण धाकट्याने गेमची साइट उघडली तर आत्ता सांगा! ती मी टिक करणार नाही. राउटर ताबडतोब सांगत नसेल तर निवड मेलबॉक्सवर सोपवता येते. जीमेलमध्ये फिल्टर करा: राउटरच्या पत्त्यावरून आलेल्या ज्या मेलमध्ये लॉगिनची ओळ असेल तिला तारा लावा, बाकीच्या थेट एका लेबलखाली जाऊ देत, इनबॉक्समध्ये दिसूच नयेत. लॉगिनच्या ओळीचे शब्द प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळे असतात. एकदा मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून पाहा, मग लॉगमधून ते शब्द जसेच्या तसे फिल्टरमध्ये उचला. याने अख्ख्या साखळीची चाचणीही आपसूक होते.

एक गोष्ट घरातल्यांशी बोलून ठरवायची असते. कूटबद्ध साइटच्या काळात राउटरला पानावरचा मजकूर दिसत नाही, पण साइटचं नाव बहुधा दिसतं, आणि रात्री दोनला कुणाचा फोन जागा होता तेही. घरात वही ठेवली जाते, ती अमुक कारणासाठी, हे आई-वडिलांनी मुलांना आणि मुलांनी आई-वडिलांना आधी सांगावं. फ्लॅट भाड्याने घेऊन एकत्र राहणाऱ्यांनी तर नक्कीच. साइटभेटींची चौकट रिकामी ठेवा म्हणालो त्याचं हेही एक कारण.

आणि एखाद्या दिवशी हाक खरी निघाली तर? पहिली ऊर्मी डबा बंद-चालू करण्याची होते. २०१८च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाच्या प्रोग्रामने ५४ देशांतली निदान ५ लाख यंत्रं बाधित केली होती, तेव्हा खुद्द एफबीआयने लोकांना राउटर रीबूट करायला सांगितलं होतं, कारण त्या प्रोग्रामचा मोठा भाग मेमरीत राहत असे आणि रीबूटने उडत असे. पण त्याच मेमरीत तुमची वहीही असते. म्हणून आधी बाहेरची तार काढा, डबा चालूच ठेवा, लॉगचं पान फोनने फोटो काढून किंवा फाइल उतरवून जपा. मग फॅक्टरी रीसेट, अधिकृत साइटवरून घेतलेलं ताजं फर्मवेअर, नवा पासवर्ड, आणि मेल खात्यातला जुना ॲप पासवर्ड रद्द. जुनी सेटिंगची बॅकअप फाइल परत चढवू नका, बदललेला डीएनएस तिच्यातूनच परत यायचा. पैसे गेले असतील तर यातलं काही करत बसण्याआधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक फिरवा. लॉगचे फोटो तक्रारीला नंतर जोडता येतात.